अमरावतीचा परकोट : एका दिवसाची पायीं फेरी

युरोपांतील जुनीं शहरें पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा त्यांच्या तटाच्या कडेकडेनें पायीं हिंडतो. इटलींतील लुक्का या शहराचा तट असाच प्रसिद्ध आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत उभारलेल्या या तटाचा घेर सुमारें ४.२ किलोमीटर असून त्याच्या रुंद माथ्यावर आज झाडांच्या सावलींतून नागरिक फिरावयास जातात. ज्या शत्रूच्या भयानें तो बांधला, त्यानें त्यास कधीं वेढा घातला नाहीं. मात्र १८१२ सालीं सेर्किओ नदीस महापूर आला, तेव्हां वेशी बंद करून याच तटानें शहर वांचविलें. बांधणारा एका हेतूनें भिंत उभी करितो आणि काळ तिची परीक्षा दुसऱ्याच रीतीनें घेतो.

ही परीक्षा पाहावयास वऱ्हाडच्या माणसानें समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. अमरावतीच्या जुन्या शहराभोंवतीं जो दगडी परकोट आहे, त्याचा घेर सव्वादोन मैल, म्हणजे लुक्काच्या तटाहून थोडासाच कमी आहे. एका दिवसांत, वाटेंत थांबत थांबत, तो सहज पाहून होतो. आज कित्येक ठिकाणीं घरें त्यास टेकलेलीं आहेत, कोठें तो ढासळला आहे. तरी दरवाजे आपआपल्या जागीं उभे आहेत आणि त्यांचीं नांवें लोकांच्या तोंडीं आहेत.

सकाळीं जवाहर दरवाजापासून आरंभ करावा. याचें जुनें नांव भुसारी दरवाजा. भुसार म्हणजे धान्य. तेव्हां पहिल्याच वेशींत या शहराचा स्वभाव कळून येतो. नागपुरी व खोलापुरी हे दरवाजे कोणत्या वाटेस लागतात तें त्यांच्या नांवांवरूनच समजतें. महाजनपुरी दरवाजा आणि अंबा दरवाजा मिळून दरवाजे पांच होतात. यांखेरीज पटेल, छत्रपुरी, माता व खुनारी अशा चार खिडक्या, म्हणजे लहान वाटा, भिंतींत ठेवलेल्या आहेत. या नऊ वाटांच्या आंत राजवाडा नाहीं कीं बालेकिल्ला नाहीं. वऱ्हाडांत गाविलगड व नरनाळा हे लष्करी दुर्ग. अचलपूर हें सत्तेचें ठाणें. अकोल्याचा असदगड औरंगजेबाच्या वजिराचें, असदखानाचें, नांव धारण करणारा. अमरावती या सर्वांहून निराळी. ही भिंत बाजारपेठेभोंवतीं बांधलेली आहे. राजाचें सिंहासन राखण्यासाठीं ती नव्हती; सावकाराची तिजोरी आणि व्यापाऱ्याची वखार राखण्यासाठीं होती.

ती बांधण्याची वेळ कां आली, हें समजण्यास १८०३ सालाकडे वळावें लागतें. त्या वर्षीं आडगांवच्या लढाईनंतर १५ डिसेंबर रोजीं इंग्रजांनीं गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला व तो निजामाकडे गेला. सत्ता बदलली, परंतु बंदोबस्त बसला नाहीं. मोडलेल्या फौजांतील बेकार स्वार पेंढाऱ्यांच्या टोळ्यांस मिळत होते. पेंढाऱ्यांचें सारें बळ वेगांत असे. त्यांच्याजवळ तोफा नसत, वेढा घालून बसण्याची सवड नसे. एकाएकीं यावें, हातीं लागेल तें लुटावें आणि फौज येण्यापूर्वीं पसार व्हावें, ही त्यांची रीत. अशा शत्रूस वीस ते सव्वीस फूट उंचीची भिंत आणि रात्रीं बंद होणारे दरवाजे पुरेसे होते. म्हणून १८०७ सालीं निजाम सरकारनें अमरावतीचा परकोट बांधावयास घेतला.

दुपारच्या सुमारास बाजाराच्या गल्ल्यांतून चालतांना, या भिंतीनें राखलें तें धन कोणतें, याचा विचार मनांत येतो. तें मुख्यतः कापसाचें. रेल्वे येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारें ५०० मैल दूर गंगेकांठच्या मिर्झापुरास नेत असत. पावसाळ्यापूर्वीं तांडा पोहोंचला नाहीं, तर काळ्या मातीच्या वाटा बंद होत आणि भिजलेल्या कापसाचें मोल जाई. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं हा माल मुंबईकडे वळविला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोंचला. ज्या लिव्हरपूलच्या दलालानें हें शहर कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, तोही वऱ्हाडी कापसास अमरावतीच्या नांवावरून ‘उमरा’ म्हणूं लागला.

परंतु येथेंच इतिहासानें भिंतीची थट्टा केली. काम सुरू होऊन एक तपही लोटलें नाहीं, तोंच १८१७-१८ च्या मोहिमेंत इंग्रजांनीं पेंढाऱ्यांचा बीमोड केला. करीमखान शरण आला. चितू रानोमाळ भटकत असतां वाघाच्या तोंडीं पडला. अमीरखान टोंकचा नबाब होऊन बसला. ज्याच्यासाठीं एवढा दगड रचला, तो शत्रूच उरला नाहीं.

मग परकोटाच्या आसमंतांत रक्त सांडलें नाहीं काय? त्याचें उत्तर खुनारी खिडकीपाशीं मिळतें. १८१८ सालीं या खिडकीजवळ झालेल्या दंग्यांत ७०० माणसें मारलीं गेलीं, आणि त्यावरून हें नांव पडलें, असें सांगतात. पेंढाऱ्यांचें भय सरलें त्याच वर्षाची ही गोष्ट. बाहेरून येणारा स्वार भिंतीस दिसतो. वेशीच्या आंत वाढणारें वैर तिला दिसत नाहीं. त्यावर चुना आणि दगड यांचा इलाज चालत नाहीं.

दिवस कलूं लागला म्हणजे अंबा दरवाजाकडे यावें. त्या वाटेनें थोडें चाललें कीं अंबादेवी व एकवीरा यांचीं देवळें लागतात. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीचें हरण श्रीकृष्णानें अंबेच्या दर्शनास आली असतां येथूनच केलें, अशी वऱ्हाडांत श्रद्धा आहे. परकोटाच्या वेशींतून पैका असलेला आणि नसलेला, दोघेही ये-जा करीत. देवीच्या दारीं मात्र अस्पृश्य मानलेल्या माणसास थांबावें लागे. ही भिंत दगडाची नव्हती, पण सव्वीस फुटांच्या तटाहून उंच होती. नोव्हेंबर १९२७ मध्यें अमरावतीच्या इंद्रभुवन नाटकगृहांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उघडपणें मांडला गेला. पुढें केंद्रांत कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळींत पुढें होते. १९५० सालच्या संविधानानें अस्पृश्यता कायद्यानें नाहींशी केली. परंतु अमरावतीच्या लोकांनीं तो प्रश्न आपल्या गांवांत त्याआधीं २३ वर्षें विचारला होता, हें या शहराच्या इतिहासांत लिहून ठेवण्याजोगें आहे.

तोंवर शहरही भिंतीबाहेर पसरलें होतें. १८९७ च्या डिसेंबरांत सर शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अमरावतीस भरलें. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे हे येथलेच वकील. एके काळीं सूर्यास्तानंतर वेशी लावून घेणाऱ्या नगरानें साऱ्या हिंदुस्थानास घरीं बोलाविलें, यापरतें मोठें परिवर्तन तें कोणतें?

लुक्काच्या लोकांनीं आपला तट पाडला नाहीं. तो सर्वांचा फिरण्याचा मार्ग केला. अमरावतीच्या परकोटाची भिंत तितकी रुंद नाहीं, तिच्यावर उपवन लावतां येणार नाहीं. पण जी आहे ती राखतां येईल. प्रत्येक दरवाजावर त्याचें नांव व साल सांगणारी स्वच्छ पाटी लावावी, कमानींवर उगवलेलीं पिंपळाचीं रोपें वेळींच काढावीं, आणि शाळांनीं वर्षांतून एकदां मुलांस ही सव्वादोन मैलांची वाट चालवावी. भुसारी दरवाजांत त्यांस कापूस व धान्य यांची गोष्ट सांगावी, खुनारी खिडकीपाशीं दंग्याची, आणि अंबा दरवाजाबाहेर १९२७ सालची. नुसत्या चालण्यास तास-सव्वा तास पुरतो. मुलें प्रश्न विचारूं लागलीं, तर मात्र सबंध दिवस हातीं ठेवावा.