मोर्शी, मोवाड आणि सातपुड्याची भिंत

३० जुलै १९९१. वर्धा नदीच्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोवाड नागपूर जिल्ह्यात, नदीच्या डाव्या तीरावर. पलीकडच्या काठाला अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुका आणि प्रवाहाच्या पुढच्या अंगाला मोर्शी.

या मुलुखाची ख्याती मात्र पुराची नव्हे, टंचाईची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला होता. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांना पाणी पुरवताना विहिरी आटल्या आणि बोअर खोल खोल जात राहिले. मग इतके पाणी आले कोठून?

उत्तर नकाशात आहे. उत्तरेला सातपुडा आडवा उभा आहे. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे ओडिशावरून मध्य प्रदेशाकडे सरकतात. त्यांचा मध्य सातपुड्याजवळून जातो, तेव्हा दक्षिण बाजूचे पश्चिमी वारे अरबी समुद्राचे बाष्प वऱ्हाडात ओढतात. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांमधील तापी-पूर्णेचे खोरे पश्चिमेकडे उघडे असल्याने त्याच वाटेने हे वारे आत शिरतात. डोंगराशी अडलेली हवा वर चढते, थंडावते आणि बाष्प मोकळे करते. चिखलदऱ्याचा वार्षिक पाऊस अकोल्याच्या जवळपास दुप्पट असतो, तो यामुळेच. हा पट्टा एखाद्या दिवशी डोंगरापाशी रेंगाळला, तर वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा काही तासांत कोसळतो. वार्षिक सरासरीच्या आकड्यात तो दिवस दिसतच नाही.

पुढचे काम उतार करतो. वर्धा मुलताईजवळ सुमारे ७५० मीटर उंचीवर उगम पावते. मोर्शीच्या परिसरात भूमी साडेतीनशे मीटरच्या आसपास येते. डोंगरातले नाले आखूड आणि तीव्र उताराचे, त्यामुळे सगळ्यांचे पाणी जवळजवळ एकाच वेळी नदीत उतरते. पायथ्याच्या गोटे-वाळूच्या बझाडा पट्ट्यात काही पाणी मुरते खरे. पण खालची काळी माती जुलैअखेर फुगून तिच्या भेगा बुजलेल्या असतात. नंतरचा पाऊस वरून वाहून जातो.

हे केवळ वऱ्हाडाचे दुर्दैव नव्हे. ३१ जुलै १९७६ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडोत, रॉकी पर्वताच्या कोरड्या पूर्व उतारावर, एक वादळी ढग जागेवरच खिळून राहिला. बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद घळीत १४० हून अधिक माणसे गेली. तेथेही ओलसर वारा होता आणि त्याला वर ढकलणारा डोंगर होता.

मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा धरण उभे राहिले. आज त्याचे १३ दरवाजे पावसाळ्यात बातमीचा विषय असतात. परंतु धरण खालच्या प्रवाहाला आवरते आणि मोवाड त्याच्या वरच्या अंगाला आहे. तेव्हा मोवाडपुरता उपाय एकच उरला: नदीपासून दूर, उंच जागी नवे गाव वसवण्याचा.