खऱ्या उपासनेला काय लागते? आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातून



धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी मूल विचारतेच, "घरीच प्रार्थना केली तर चालत नाही का? चर्चमध्ये कशाला जायचे?" मोठी माणसे तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतात. कन्नड उपासनेला बसून आलेली मराठी घरातली आजी म्हणते, "सगळे कळले, पण मन लागले नाही." कीबोर्ड आणि ड्रम आले की कोणी म्हणते, ही तर गाण्याची मैफल झाली. पेटी-तबला घेतला की दुसरा म्हणतो, हे तर देवळातले भजन झाले. उणकल-हुबळीकडे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि मुलांच्या शाळेत तिसरी. म्हणून हा वाद आपल्याकडे जरा जास्तच रंगतो. पण वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न खरा आहे: कोणत्या गोष्टी गेल्या तरी उपासना उरते, आणि कोणत्या गेल्या की उरत नाही?

हा प्रश्न याकोबाच्या विहिरीवर एका शोमरोनी बाईनेही विचारला होता. आमचे वाडवडील या डोंगरावर भक्ती करत आले, तुम्ही यहूदी मात्र यरुशलेमचेच नाव घेता, मग खरे कोणते? प्रभू येशूने दोन्ही डोंगर बाजूला ठेवले आणि पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करायची असते, असे सांगितले (योहान ४:१९-२४). या वचनाचा सोपा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मते सगळे मनातच असते, बाहेरचे काहीच लागत नाही. मला हा अर्थ पटत नाही. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनीही तो तसा घेतला नव्हता, आणि याची साक्ष देणारा माणूस त्याच डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेला होता.

त्याचे नाव संत जस्टिन. शोमरोनातील फ्लाव्हिया निआपोलिस हे त्याचे गाव, म्हणजे आजचे नाब्लुस. गरिज्जीम डोंगर आणि याकोबाची विहीर तिथून जवळच. तत्त्वज्ञान शिकत शिकत तो ख्रिस्ती झाला, रोमला जाऊन शिकवू लागला आणि इ. स. १५५ च्या सुमारास त्याने रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारा अर्ज लिहिला. ख्रिस्ती लोक रविवारी जमून करतात तरी काय, हे त्यात त्याने उघड सांगून टाकले आहे. शहरातले आणि खेड्यांतले सगळे एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात. अध्यक्ष बोध करतो. सगळे उठून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, अध्यक्ष उपकारस्तुती करतो आणि लोक "आमेन" म्हणतात. मग सगळ्यांना वाटा मिळतो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो घेऊन जातात. ज्यांना ऐपत आहे ते आपखुशीने देतात. जमलेला पैसा अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परदेशी यांच्यासाठी अध्यक्षाकडे ठेवला जातो.

बस, इतकेच. इमारतीचे नाव नाही, वाद्याचे नाव नाही. वचन आहे, लोकांची प्रार्थना आहे, मेज आहे, लोकांचे "आमेन" आहे आणि गरिबांची पेटी आहे. पुढे इ. स. १६५ च्या सुमारास जस्टिनला रोममध्ये पकडले, तेव्हा न्यायाधीश रुस्तिकसने त्याला विचारले, तुम्ही लोक जमता कुठे? जस्टिनने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ख्रिस्ती लोकांचा देव एका जागेत मावणारा नाही. सहा सोबत्यांसह त्याचा शिरच्छेद झाला. गरिज्जीमच्या पायथ्याशी जन्मलेल्या माणसाने डोंगराच्या प्रश्नाचे उत्तर असे दिले.

आता आपल्या मराठी इतिहासाकडे येऊ.

थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले आणि चाळीस वर्षे तिथेच राहून १६१९ मध्ये वारले. बहुतेक काळ ते साष्टीत होते. त्या वेळच्या नवख्रिस्ती मंडळींची अवस्था विचित्र होती. जुनी मंदिरे गेली, जुनी पुराणे वाचायला बंदी आली, आणि हाती आली ती लॅटिन मिस्सा. ती कानावर पडायची, पण घरात गुणगुणायला काही नव्हते. स्टीफन्स यांनी आपल्या काव्याच्या आरंभीच हा प्रसंग घातला आहे. एक ख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना म्हणतो, आमची पुराणे तुम्ही काढून घेतलीत, आता त्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? ही मागणी धर्मगुरूंकडून खाली आलेली नाही, लोकांकडून वर गेलेली आहे. काव्यातला प्रसंग म्हणून तो सोडून देऊ नये.

उत्तर म्हणून आले ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले ख्रिस्तपुराण. कोकणीची छटा असलेली मराठी, छंद ओवीचा, लिपी रोमन, कारण छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. दोन भाग मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी ज्यांच्या कानात होती, त्यांना उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची कथा त्याच चालीवर मिळाली. रविवारी आणि सणाच्या दिवशी ते चर्चमध्ये वाचले-गायले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला अशाच हस्तलिखितांवरून तो पुन्हा छापला.

याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने आणखी पुढे जाऊन ख्रिस्ती लग्नघरांत ओव्या गाण्यावर बंदी घातली. ज्या ओवीत शंभर वर्षांपूर्वी प्रभूचे चरित्र चर्चमध्ये गायले गेले, तीच ओवी आता संशयित ठरली! हे आपल्याच मंडळीच्या अधिकाऱ्यांनी केले, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि लोकांकडेही सगळे बरे नव्हते. गोव्यातल्या कित्येक चर्चमधल्या कोन्फ्रारिया जातींप्रमाणे वाटलेल्या होत्या. सणाला मान कोणाचा, हे जातीवर ठरे. करिंथमध्ये श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना सुनावले होते, की तुम्ही जमता खरे, पण ते प्रभुभोजन नव्हे (१ करिंथ ११:२०-२२). वचन वाचले जात होते, गीत होते, मेजही होते. तरी पौल त्याला उपासना म्हणायला तयार नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

गोव्यातून निघून कानडा किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या ख्रिस्ती लोकांनी पुराण बरोबर नेले होते. १७८४ च्या फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या सुमारास, टिपू सुलतानाच्या हुकमाने तिथल्या हजारो कॅथलिकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेण्यात आले. धर्मगुरूंना मुलखातून बाहेर काढले होते आणि चर्च पाडली होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, ही माणसे बंदिवासात होती. त्या काळात विश्वास टिकून राहिला त्यात ख्रिस्तपुराणातल्या ओव्यांचा मोठा वाटा होता, असे मंगळूरची परंपरा सांगते. इथे वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. चर्च नव्हते, वेदी नव्हती, मिस्सा नव्हती. उपासना संपली असे कोण म्हणेल? पण उरलेले अर्धे उत्तर असे, की सुटका होताच ती माणसे परत गेली आणि त्यांनी पहिल्यांदा चर्च उभी केली. पंधरा वर्षे मेजाविना काढलेल्या माणसांना मेजाची किंमत जास्त कळली होती. सक्तीने न मिळणे वेगळे आणि कंटाळा म्हणून न जाणे वेगळे.

एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनांनीही हाच रस्ता पुन्हा पहिल्यापासून चालून पाहिला. अमेरिकन मराठी मिशनच्या सुरुवातीच्या गीतांत इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेले असत. दीर्घ-ऱ्हस्वांची ओढाताण व्हायची ती व्हायचीच. मग १८६० च्या दशकात अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, साकी, दिंडी सगळे जसेच्या तसे, आणि आख्यान प्रभूचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक अभंगाची वाट घेऊन आले. आज प्रोटेस्टंट मंडळ्यांत काय किंवा आपल्या कॅथलिक धर्मग्रामांत काय, टिळकांचे पद माहीत नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस सापडणे कठीण. पण मला टिळकांइतक्याच लक्ष्मीबाई महत्त्वाच्या वाटतात. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी आपले सोवळे कितीतरी दिवस सांभाळले. ते आतून गळून पडले त्याची हकिकत 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतःच लिहिली आहे. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. म्हणजे आधी सगळ्यांच्या हातचे पाणी आणि मग प्रभूचे मेज. गोव्याच्या कोन्फ्रारियांना जे जमले नाही ते एका घरातल्या बाईने करून दाखवले.

आपल्या गावाजवळचीही गोष्ट आहे. बासल मिशन १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आले. याच मिशनचे फर्डिनांड किट्टेल १८९४ च्या कन्नड शब्दकोशामुळे सगळ्यांना माहीत आहेत. १८६२ मध्ये त्यांनी 'कथामाले' लिहून प्रभूचे चरित्र कन्नड छंदांत आणले, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच माहीत असते. स्टीफन्सनी ओवीसाठी केले तेच किट्टेलनी कन्नड छंदांसाठी केले. तेव्हा कन्नड उपासनेत मन लागत नाही म्हणणाऱ्या आजीला मी एवढेच सांगतो, की समोरच्या बाकावरच्या कन्नड आजीलाही तिचा छंद असाच उशिरा मिळाला. तिच्या गीताला आपण "आमेन" म्हणावे आणि महिन्यातून एकदा तरी आपल्या ओवीला तिचे "आमेन" मागावे.

कॅथलिक मंडळीत सर्वसाधारण लोकांना हे उशिरा मिळाले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीवरील संविधान प्रसिद्ध केले आणि लोकांनी समजून-उमजून, सक्रिय भाग घ्यावा असे ठरवले. पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये होऊ लागली. जस्टिनच्या काळातले लोकांचे "आमेन" असे फिरून लोकांच्या तोंडी आले.

भाषा मिळाली, गीत मिळाले, मेजावर सगळे एका रांगेत आले. मग राहिले काय? जस्टिनच्या यादीतली शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते आज आपण सर्वांत जास्त विसरतो ती हीच. ध्वनिव्यवस्थेवर आपण तासभर बैठक घेतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे या रविवारी कोण गेले, यावर पाच मिनिटेही बोलत नाही. तळ्याच्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहणारी एकटी विधवा तीन रविवार दिसली नाही, तर ती बातमी चौथ्या रविवारी कळते.

पंडिता रमाबाईंचे केडगाव इथे आठवते. कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात १८५८ मध्ये जन्मलेल्या या बाईने १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि विधवा केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्यांना खायला दिले, वाचायला शिकवले. तिथेच छापखाना घातला. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम रमाबाईंनी हाती घेतले, ते १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येईपर्यंत. त्या बायबलाचे खिळे जुळवणारे आणि पाने छापणारे हात त्याच विधवांचे आणि अनाथ मुलींचे होते, ज्यांच्यासाठी जस्टिनच्या मंडळीत पेटी फिरत असे.