आतल्या फंक्शनला बाहेरचं व्हेरिएबल सापडतं कसं?

कोटलिन, पायथन किंवा जावास्क्रिप्ट शिकताना आपण एका फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन बिनधास्त लिहितो. आतलं फंक्शन बाहेरच्याची व्हेरिएबल्स वापरतं आणि सगळं नीट चालतं. त्यामागे कंपायलरने बरीच व्यवस्था लावलेली असते. ती कळली की अँड्रॉइड अ‍ॅपमधल्या मेमरी लीकचं एक नेहमीचं कारणही कळतं. म्हणून इथे मी ती टप्प्याटप्प्याने सांगतो.

नेमकी अडचण काय?

फंक्शनला कॉल केला की त्याच्या स्थानिक व्हेरिएबल्ससाठी स्टॅकवर एक फ्रेम तयार होते. काम संपलं की ती जाते. समजा, ‘बिल’ या फंक्शनमध्ये ‘एकूण’ हे व्हेरिएबल आहे आणि त्याच्याच आत ‘जोड’ हे फंक्शन आहे. फ्रेममध्ये ‘एकूण’ कितव्या जागेवर आहे हे कंपायलरला आधीच ठाऊक असतं. ती फ्रेम मेमरीत कुठे असेल, हे मात्र प्रोग्राम चालू झाल्यावरच ठरतं.

मग ज्याने कॉल केला त्याच्याच फ्रेममध्ये बघायचं की! पण तसं चालत नाही. ‘जोड’ स्वतःलाच कॉल करू शकतं. शिवाय ‘बिल’ रिकर्सिव्ह असेल, तर स्टॅकवर त्याच्या चार फ्रेम आणि चार वेगळे ‘एकूण’ असू शकतात. त्यातला नेमका कोणता घ्यायचा? ज्या ‘बिल’च्या आत हे ‘जोड’ तयार झालं, त्याचाच.

उपाय १ : स्टॅटिक लिंक

यात प्रत्येक फ्रेममध्ये एक जादा पॉइंटर ठेवतात. कोडमध्ये आपल्याला वेढणाऱ्या फंक्शनची फ्रेम कुठे आहे, हे तो सांगतो. ‘बिल’ पहिल्या पातळीवर, ‘जोड’ दुसऱ्या आणि त्याच्या आतलं ‘कर’ तिसऱ्या पातळीवर असेल, तर ‘कर’ला ‘एकूण’पर्यंत पोहोचायला दोन उड्या लागतात. उड्या किती, हे पातळ्यांच्या फरकावरून कंपायल करतानाच कळतं.

ही लिंक भरायची जबाबदारी कॉल करणाऱ्याची. आपल्याच आतल्या फंक्शनला कॉल करताना तो स्वतःच्या फ्रेमचा पत्ता देतो. शेजारच्या, म्हणजे त्याच पातळीवरच्या भावंडाला कॉल करताना तो आपल्याकडची लिंक जशीच्या तशी पुढे देतो.

उपाय २ : डिस्प्ले

खूप पातळ्या असतील तर उड्या वाढतात. त्यावर एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६० मध्ये, अल्गोल ६० भाषेच्या काळात, डिस्प्लेची पद्धत मांडली. डिस्प्ले म्हणजे पॉइंटर्सची छोटी यादी, दर पातळीला एक. कुठलीही पातळी असो, यादीतला पॉइंटर घेतला की थेट फ्रेम. बदल्यात प्रत्येक कॉलच्या वेळी यादी जपावी लागते आणि परतताना पूर्ववत करावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ‘एंटर’ या सूचनेत यासाठी ० ते ३१ अशी पातळी देण्याची सोयही आहे.

फंक्शनच दुसऱ्याला दिलं तर?

तेव्हा नुसता कोडचा पत्ता पुरत नाही, सोबत फ्रेमची लिंकही द्यावी लागते. या जोडीला क्लोजर म्हणतात. कंपायलर हे बरोबर करतो का, ते तपासायला डोनाल्ड कनूथ यांनी १९६४ मध्ये ‘मॅन ऑर बॉय’ ही चाचणी लिहिली. त्यात १० ही सुरुवातीची किंमत दिली की उत्तर −६७ यायला हवं. चुकीची फ्रेम पकडणारा कंपायलर इथे हमखास सापडतो.

बाहेरचं फंक्शन आधीच संपलं तर?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. बटणाला दिलेला लॅम्डा आठवा. तो लिहिणारं फंक्शन केव्हाच संपलेलं असतं, बटण मात्र नंतर दाबलं जातं. तोवर स्टॅकवरची फ्रेम गेलेली असते. म्हणून लागणारी व्हेरिएबल्स हीपवर ठेवावी लागतात. जावा फक्त किंमतीची प्रत घेते, त्यामुळे तिथे असं व्हेरिएबल नंतर बदलता येत नाही. कोटलिनमध्ये ते बदलता येतं, कारण लॅम्डा इनलाइन होत नसेल तर कंपायलर ते व्हेरिएबल एका छोट्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळतो.

याची किंमत आपल्या फोनवर दिसते. लॅम्डाने अ‍ॅक्टिव्हिटीचं काही वापरलं, तर तो अख्खी अ‍ॅक्टिव्हिटी धरून ठेवतो. असा लॅम्डा अ‍ॅपभर जगणाऱ्या लिसनरला दिला आणि काढलाच नाही, तर स्क्रीन फिरवल्यावर नवी अ‍ॅक्टिव्हिटी तयार होते, पण जुनी मोकळी होत नाही. मेमरी भरत जाते.

थोडक्यात

• स्टॅटिक लिंक : सोपी, पण खोल पातळ्यांना जास्त उड्या.
• डिस्प्ले : एका झेपेत फ्रेम, पण यादी जपावी लागते.
• हीपवरचं क्लोजर : फंक्शन संपल्यावरही व्हेरिएबल जिवंत, आणि ते कधी सोडायचं याची काळजी आपल्यावर.

तेव्हा पुढच्या वेळी लिसनर लावाल, तेव्हा तो काढणारी ओळही लगेच लिहून टाका.