आजीला एसटी लागते

ज्यांचे हेडफोन ऑफिसात राहिलेत किंवा ज्यांच्या फोनला रेंज नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जे ‘अं… म्हणजे…’ झालं होतं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

मागच्या भागात मी सहज विचारलं होतं की तुम्हाला प्रवासात काय आवडतं आणि काय अजिबात सहन होत नाही. पुण्यात राहणाऱ्या निम्म्या लोकांनी ‘शेजारचा माणूस मोठ्या आवाजात रील्स बघतो’ हेच सांगितलं. पटलं. माझंही तेच. त्याच्या खालोखाल मला राग येतो तो खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा. आणि आवडतं काय, तर डबल बेल. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली, टिंग टिंग झालं आणि गाडीने गियर टाकला की अजूनही आत काहीतरी हलतं. सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत माझ्यासाठी ‘घराबाहेर पडणं’ म्हणजे तो आवाज होता.

हीच यादी मी दिवाळीत आजीला विचारली. आजी एकोणऐंशी वर्षांची. माहेर बार्शीकडचं, पांगरीजवळचं एक गाव. सासर येडशी. तिने एका वाक्यात विषय संपवला. म्हणाली, “लेकरा, एसटीत बसलं की माझं पोट ढवळतंय. आमच्या छोट्या गाडीत असं कवाच झालं न्हाई.”

म्हणजे आजीला गाडी लागते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण आम्ही त्याकडे कधी इतिहास म्हणून बघितलं नव्हतं. आता बघू.

छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून सोलापूरमार्गे मद्रासकडे जाणारा मुख्य रेल्वेमार्ग कुर्डुवाडीवरून गेला आणि बार्शी बाजूला राहिली. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. माल बैलगाडीने कुर्डुवाडीपर्यंत न्यायचा, तिथे रेल्वेत चढवायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने हे पाहिलं आणि वर्षानुवर्षं खटपट करून स्वतःची कंपनी काढली. मार्च 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे आजच्या ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो, थोडं सहन करा. कॅलथ्रॉपची कल्पना फार साधी होती. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. वजन सगळीकडे सारखं वाटलं की हलके रूळ चालतात, पूल स्वस्तात होतात, आणि जिथे मोठी रेल्वे परवडत नाही तिथे छोटी पोचते. आपण सर्व्हरवर लोड बॅलन्सिंग करतो ना, तेच. यासाठी इंग्लंडमधल्या लीड्सच्या किट्सन कारखान्यातून खास इंजिनं बनवून आणली. हाच कॅलथ्रॉप पुढे पॅराशूट बनवायच्या नादाला लागला आणि पहिल्या महायुद्धात त्याचं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट वापरलंही गेलं. बार्शीची गाडी आणि पॅराशूट, एकाच डोक्यातून. मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये अर्धा तास सगळ्यांना पकवलं होतं.

तर, गाडी बार्शीला थांबली नाही. पुढे 1906 मध्ये ती पंढरपूरला गेली, कारण वारकरी. दुसऱ्या बाजूने पूर्वेला पांगरीवरून निजामाच्या हद्दीत शिरून येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड करत 1911 मध्ये लातूरला पोचली. त्याच वर्षी हैदराबादच्या गादीवर मीर उस्मान अली खान आले, ज्यांचं नाव आपल्या जिल्ह्याला शंभर वर्षं चिकटून होतं. 1927 मध्ये हीच लाइन दुसऱ्या टोकाला मिरजेपर्यंत गेली.

आता वर सांगितलेली गावं परत वाचा. येडशी आहे, ढोकी आहे, तडवळे आहे. धाराशिव नाही.

जिल्ह्याचं ठिकाण. कलेक्टर तिथे, कोर्ट तिथे. आणि गाडी वीसेक किलोमीटरवरच्या येडशीवरून सरळ निघून जायची. लहानपणी मी हे कोणाला विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: मराठवाड्यावर अन्याय. अन्याय झालाच, बऱ्याच बाबतीत झाला, पण या बाबतीत मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. ही रेल्वे सरकारने माणसांसाठी टाकलेली नव्हती. खासगी कंपनीने मालासाठी टाकलेली होती. तिला कचेरीपर्यंत जायचं नव्हतं, पेठेपर्यंत जायचं होतं. बार्शी पेठ, लातूर पेठ, आणि मधला जो सोपा रस्ता असेल तो. धाराशिवला त्या काळी कचेऱ्या होत्या, पण कचेरीतून कापसाच्या गाठी निघत नाहीत. निजामाची स्वतःची रेल्वे तर दुसरीकडेच होती, मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जाणारी. आपल्या बाजूला ती फिरकलीच नाही.

याचा परिणाम असा की एकाच जिल्ह्यात दोन प्रकारची माणसं तयार झाली. रुळावरच्या गावांतली रेल्वेची माणसं, आणि बाकी सगळी रस्त्याची माणसं. भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा, खुद्द धाराशिव, ही रस्त्याची. आणि रस्ता म्हणजे पुढे बस.

बसच्या बाबतीत मात्र निजामाचं राज्य पुढे होतं, हे ऐकून मी चकित झालो होतो. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने 27 गाड्या आणि 166 माणसं घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. आपण ज्या एसटीचा वाढदिवस साजरा करतो ती पुणे–अहमदनगर गाडी 1 जून 1948 ची. म्हणजे सोळा वर्षांनंतरची. आणि त्या 1 जूनला आपला जिल्हा अजून निजामाकडेच होता. साडेतीन महिन्यांनी, 13 सप्टेंबरला, भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने आत आल्या आणि 17 तारखेला हैदराबाद संस्थान शरण आलं. आज तुम्ही सोलापूर–हैदराबाद हायवेने डुलक्या घेत जाता ना, तोच रस्ता. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1961 ला इथली बससेवा आजच्या महामंडळात सामील झाली आणि आपण लाल गाडीचे झालो.

पण आजीच्या माणसांकडे परत येतो.

बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि येडशी निजामाच्या राज्यात. म्हणजे आजीच्या आजीचा, पणजीचा माहेरचा प्रवास हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यातला प्रवास होता. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात. आणि तरीही गाडी होती म्हणून बायका माहेरी जायच्या. तडवळ्याला स्टेशन होतं म्हणून त्या गावाचा संबंध थेट मुंबईशी होता. फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळ्याला डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. निजामाच्या हद्दीत! बाबासाहेबांना बैलगाड्यांच्या मिरवणुकीने नेल्याची आठवण त्या भागात अजून सांगतात. धाराशिवच्या लोकांना रेल्वे बघायची तर येडशीला जावं लागायचं, आणि इथे एका खेड्यात इतिहास घडत होता.

आजीचं लग्न झालं तेव्हा संस्थान संपलेलं होतं, 1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेऊन रेल्वे ताब्यात घेतली होती, पण गाडी तीच. आजी तिच्याबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. कोळशाचे कण डोळ्यांत जायचे, पांढरं लुगडं नेसून बसायची सोय नव्हती. चढावर इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बाजूने चालायची. पण समोरासमोर बसता यायचं. फडकं सोडून भाकरी खाता यायची. लेकरू रडलं तर उभं राहून हलवता यायचं. आणि कितीही डुलली तरी पोटात ढवळायचं नाही. एसटीत काय, एकदा बसलं की बसलं, घाटात वळण आलं की पदर तोंडाला.

मला हे ऐकताना गंमत वाटायची. मग एक गोष्ट आठवली आणि गंमत वाटायची थांबली.

मी चौथी-पाचवीत असेन. गेज बदलाच्या कामासाठी छोटी गाडी बंद झाली होती. सगळीकडे आनंद होता, मोठी रेल्वे येणार, धाराशिवला स्टेशन होणार. त्याच काळात एका सकाळी आजीच्या थोरल्या भावाचा निरोप आला. बाबांनी काळीपिवळी जीप ठरवली. आजी पाच मिनिटांत उतरली. परत बसली, परत उतरली. तीनदा उलटी झाली, तोंडाला लिंबू लावून, रस्त्याच्या कडेला बसत बसत ती माहेरी पोचली तेव्हा तिथली माणसं नदीवरून परतलेली होती. ती कोणावर चिडली नाही. ‘गाडी असती तर’ एवढंच दोन-तीनदा म्हणाली. आम्हाला वाटलं जीपबद्दल बोलते.

त्यानंतर ती माहेरी फारशी गेलीच नाही. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की भाऊ गेला म्हणून नाही गेली.

बाकीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर 2007 मध्ये लातूर ते धाराशिव ब्रॉडगेज झालं, पुढच्या वर्षी धाराशिव ते कुर्डुवाडी. नवा मार्ग मुद्दाम वळवून धाराशिवला आणला, त्यामुळे शंभर वर्षांची चूक म्हणा, हिशोब म्हणा, दुरुस्त झाला. येडशीचं स्टेशनही राहिलं. मी आज पुण्याहून रात्री निघतो आणि पहाटे धाराशिवला उतरतो, हे त्या वळणामुळे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. मिरज ते लातूर. कॅलथ्रॉपच्या लाइनची दोन टोकं! न्यूज चॅनलवर दिवसभर ती गाडी दाखवत होते आणि बार्शी लाइटचं नावही कोणी काढत नव्हतं. आता सोलापूर–तुळजापूर–धाराशिव असा सुमारे 84 किलोमीटरचा नवा मार्ग होतोय. तुळजापूरची माणसं पहिल्यांदा रेल्वेची माणसं होतील. त्यांच्या नातवंडांच्या आवडीनिवडी वेगळ्या असतील.

दरम्यान 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आमच्याकडे याने जे बदललं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आई आता एकटी तुळजापूरला जाते, मावशीकडे जाते, कोणाला विचारत नाही. रुमाल टाकणाऱ्यांत सध्या तिचा नंबर बराच वर आहे, हे मी इथे कबूल करतो. आजीच्या वयाच्या शेजारणी आठवड्याला देवदर्शन करून येतात. आजीचं कार्ड मात्र कपाटात. फुकट असली तरी एसटी एसटीच आहे.

म्हणून या दिवाळीत मी तिला म्हटलं, चल, रेल्वेने जाऊ, पांगरीपर्यंत. तू म्हणतेस तीच वाट आहे, थोडी वळलीये फक्त. ती तयार झाली. इस्त्रीचं लुगडं, पिशवीत भाकरी आणि शेंगाची चटणी. गाडी आली. पण प्लॅटफॉर्म खाली आणि डब्याची पायरी वर, तिच्या कमरेला येईल इतकी. छोट्या गाडीच्या पायरीवर ती लेकरू कडेवर घेऊन चढायची. इथे मी खालून, एका पोराने वरून, असं करून तिला आत घेतलं. डब्यातल्या बाईने सरकून खिडकी दिली.

घाट आला. मी प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून तयार बसलो होतो. आजी बाहेर बघत होती. एका ठिकाणी झाडीत जुना भराव दिसल्यासारखा वाटला, तिने बोट दाखवलं, मला काही दिसलं नाही, गाडी पुढे गेलेली.

“कसं वाटतंय?” मी विचारलं.

“पळतीय लई,” आजी म्हणाली. “बघूच दिना.”

मग तिने फडकं सोडलं आणि समोरच्या बाईला विचारलं, भाकरी खाणार का.

तुमच्या घरात कोणी बार्शी लाइटने प्रवास केलेला असेल, तर त्यांच्याच आवाजात दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवा. स्टेशनचं नाव आणि त्यांना गाडीत काय आवडायचं, काय नाही, एवढं सांगितलं तरी चालेल. पुढच्या महिन्यात त्या सगळ्या जोडून एक भाग करतोय.