मिरज तंबोऱ्याची किंमत व गुणवत्ता

मिरज तंबोरा हे सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात हाताने घडविले जाणारे तंतुवाद्य होय. हिंदुस्थानी गायनात अखंड आधारस्वर देण्यासाठी त्याचा उपयोग होतो. यालाच तानपुरा असेही म्हणतात. साधे सरावाचे वाद्य आणि नक्षीदार मैफलीचे वाद्य यांच्या मधल्या किमतीचा तंबोरा प्रामुख्याने संगीताचे विद्यार्थी, शिक्षक, संगीत विद्यालये व भजनी मंडळे घेतात. लाकूड आणि मजुरी यांचे दर चढत गेल्यामुळे या मधल्या श्रेणीची वाढती किंमत वाद्याच्या गुणवत्तेशी कितपत जुळते, हा प्रश्न खरेदीदार आणि कारागीर या दोघांच्याही जिव्हाळ्याचा आहे. चांगला वाळलेला भोपळा, निवडक लाकूड आणि जवारी यांवर झालेला खर्च नादात उतरतो. नक्षीकामावर झालेला खर्च मुख्यतः दर्शनी राहतो.

पार्श्वभूमी

मिरजेत तंतुवाद्ये बनविण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली असे मानले जाते. परंपरेने या कलेचे श्रेय शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांना दिले जाते. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर या घराण्याने वाद्यदुरुस्ती व पुढे वाद्यनिर्मिती हाती घेतली. या व्यवसायावरूनच 'सतारमेकर' हे आडनाव रूढ झाले. मिरजेतील सतारमेकर गल्लीही याच नावाने ओळखली जाते.

मिरज संस्थानचे अधिपती पटवर्धन यांनी संगीताला आश्रय दिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी येथे अध्यापन केले, आणि विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिक्षण त्यांच्याकडे मिरजेतच झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचेही मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफन येथील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. वाद्ये पारखणारे गवई आणि घडविणारे कारागीर एकाच गावात असल्यामुळे वाद्यातील दोष लगेच ध्यानात येत व सुधारले जात.

रचना व निर्मिती

तंबोऱ्याचा मुख्य भाग म्हणजे कडू जातीचा, जाड सालीचा भोपळा. तो खाण्याच्या उपयोगाचा नसतो. मिरजेस येणारे भोपळे मुख्यत्वे सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर व मंगळवेढा या परिसरात पिकतात. भोपळा पूर्ण वाळल्यावर कापतात, पाण्यात भिजवितात आणि आतून काठ्यांचा ताण देऊन त्यास हवा तसा आकार देतात. त्यावर लाकडाचा गळा, पोकळ दांडी आणि तबली बसवितात. लाकूड बहुधा तून या झाडाचे असते. त्यानंतर खुंट्या, घोडी, तारा आणि बारीक स्वरमेळासाठी मणी बसवितात व लाखेचा हात देऊन वाद्यास झळाळी आणतात.

चार तारांच्या तंबोऱ्यात सामान्यतः पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या दोन षड्जात आणि शेवटची खर्जात लावतात. रागात पंचम वर्ज्य असल्यास पहिली तार मध्यमात किंवा अन्य योग्य स्वरात मिळवितात. पुरुष गायकाचा तंबोरा आकाराने मोठा, तर उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा त्याहून लहान असतो.

सर्वांत नाजूक काम जवारीचे होय. तार रुंद घोडीच्या किंचित उताराच्या पृष्ठभागावरून जाते व कंप पावताना त्यास अलगद स्पर्श करीत राहते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा दोरा सरकवून हा स्पर्श नेमका साधतात. यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर भरभरून उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घटनेकडे लक्ष वेधले. तार छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर ऐकू येऊ नयेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले.

किमतीचे घटक

तंबोऱ्याच्या किमतीचे स्थूलमानाने चार भाग पडतात:

१. कच्चा माल: मोठ्या घेराचा, निर्दोष व सुबक भोपळा दुर्मीळ असतो. भोपळा व लाकूड वाळण्यासाठी दीर्घकाळ ठेवावे लागते, आणि तेवढा काळ कारागिराचे भांडवल अडकून पडते.

२. मजुरी: प्रत्येक भोपळ्याचा आकार वेगळा असल्यामुळे गळा व तबली त्या त्या भोपळ्यास बेतून घ्यावी लागते. येथे एका मापाचे अनेक भाग यंत्रावर काढून जुळविता येत नाहीत.

३. सजावट: पूर्वी नक्षीसाठी हस्तिदंत व घोडीसाठी सांबरशिंग वापरीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे त्यांचा व्यापार थांबला. आता नक्षीसाठी सेल्युलॉइडसारखे पदार्थ, तर घोडीसाठी हाड, लाकूड व कृत्रिम पदार्थ वापरतात.

४. वाहतूक व विक्री: भोपळा ठिसूळ असल्याने बांधणी आणि वाहतूक खर्चिक ठरते.

कराच्या बाबतीत तंबोऱ्यास सवलत आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हाताने बनविलेली देशी वाद्ये करमुक्त ठेवण्यात आली. इतर वाद्यांवरील कर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे तंबोऱ्याच्या दरवाढीचे कारण प्रामुख्याने साहित्य व श्रम यांतच शोधावे लागते.

विद्युत वाद्यांशी तुलना

मधल्या किमतीच्या इलेक्ट्रिक गिटारींबाबतही 'वाढलेली किंमत योग्य आहे का' हा प्रश्न विचारला जातो. परंतु तेथील कारणे निराळी आहेत. इलेक्ट्रिक गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तारेचे कंपन चुंबक व वेटोळे असलेला पिकअप टिपतो आणि ध्वनिवर्धक ते मोठे करतो. संगणकनियंत्रित यंत्रांमुळे स्वस्त गिटारीचेही भाग अचूक मापाचे निघू लागले. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे किंमत वाढत गेली तरी नादातील फरक त्या प्रमाणात वाढत नाही. भारतात आयात गिटारीच्या किमतीवर सीमाशुल्क व रुपयाचा विनिमय दर यांचाही परिणाम होतो. तंबोऱ्यात यंत्राने होणारी ही बचत जवळजवळ नाही. म्हणून स्वस्त आणि मध्यम वाद्यांतील अंतर कानाला सहज जाणवते.

तंबोऱ्याचा खरा स्पर्धक इलेक्ट्रॉनिक तंबोरा होय. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास तो विकसित केला. पुढे भ्रमणध्वनीवरही तंबोऱ्याचा स्वर उपलब्ध झाला. सुरात लावण्याचा खटाटोप नसणे, प्रवासातील सोय आणि अल्प किंमत हे त्याचे गुण होत. मात्र तारा कानाने मिळविण्याचा संस्कार त्यातून होत नाही.

गुणवत्तेच्या खुणा

चांगल्या तंबोऱ्यात भोपळ्यास चीर नसते, दांडी सरळ असते, खुंट्या घसरत नाहीत आणि चारही तारांचा नाद सारख्याच भरदारपणे दीर्घकाळ टिकतो. तारांच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात. त्यामुळे काही काळाने जवारी पुन्हा काढावी लागते. हा आवर्ती खर्च खरेदीच्या वेळी अनेकदा विचारात घेतला जात नाही. निकृष्ट जवारीचे महाग वाद्य कुशल कारागीर सुधारू शकतो. न वाळलेल्या लाकडाचे वाद्य मात्र पुढे वाकण्याचा वा उलण्याचा धोका राहतो.

मराठवाड्यातील संदर्भ

मराठवाड्यात या वाद्यकुळाचा सर्वाधिक परिचय वारकऱ्यांच्या वीणेमुळे आहे. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या गावांतून होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. वीणेकरी पाळीपाळीने पहारा देतात. अशा वापरात सूक्ष्म जवारीपेक्षा वजनाने हलके व टिकाऊ वाद्य अधिक उपयोगी पडते. म्हणून भजनी मंडळास मैफलीच्या दर्जाची किंमत मोजण्याचे कारण नसते. गायनाच्या विद्यार्थ्यास मात्र मधल्या श्रेणीचा तंबोरा वर्षानुवर्षे पुरतो. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला व १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. तेव्हापासून भोपळ्याचे पंढरपूर, वाद्यांचे मिरज आणि वीणेचे गिऱ्हाईक असलेला लातूर परिसर एकाच लोहमार्गावर आले.

भौगोलिक मानांकन व सद्यस्थिती

२०२४ मध्ये मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांना स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली. १९९९ च्या अधिनियमानुसार असे मानांकन १० वर्षांसाठी असते व त्याचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे अन्यत्र बनलेले वाद्य मिरजेच्या नावाने विकण्यास कायद्याने आळा बसतो. मानांकन उगमाची ग्वाही देते. एखाद्या विशिष्ट वाद्याचा नाद मात्र कानानेच पारखावा लागतो.

मधल्या श्रेणीचे महत्त्व केवळ खरेदीदारापुरते नाही. मैफलीची वाद्ये संख्येने थोडी असतात; शिकाऊ कारागिराचा हात साध्या व मध्यम वाद्यांवरच बसतो. या वाद्यांची मागणी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याकडे वळल्यास जवारी काढणारे नवे हात तयार होणे कठीण होईल आणि उत्तम तंबोऱ्यांच्या दुरुस्तीचाही प्रश्न उभा राहील. या दृष्टीने मध्यम तंबोऱ्याच्या किमतीत वाद्याबरोबरच ते पुढे सांभाळणाऱ्या विद्येचाही वाटा असतो.