हाताचा कंप आणि कॅमेऱ्याचा तोल
१/ अचलपूरचा हौज कटोरा किंवा दुल्हा दरवाजा चालता चालता मोबाइलवर टिपला, की पडद्यावर ती दगडी वास्तूच डुलताना दिसते. हा कंप घालवण्याच्या खटपटीला शतकाहून मोठा इतिहास आहे आणि त्यातले एक पान कोल्हापूरचे आहे. #थ्रेड

२/ १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा मिळवला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तेव्हाचे कॅमेरे मूठ फिरवून चालत : सेकंदाला साधारण दोन फेरे, फेऱ्यागणिक आठ चौकटी.

३/ एक हात सतत फिरता असताना यंत्र हाती धरणे दुष्कर. म्हणून भक्कम लाकडी तिवई हाच आधार होता. त्या काळचा कॅमेरा बहुधा एका जागी उभा दिसतो, तो याच कारणाने.

४/ फाळक्यांनी यंत्र विकत घेतले; कोल्हापूरच्या आनंदराव व बाबुराव पेंटर यांनी ते घडवण्याचा ध्यास घेतला. दोघे नाटकांचे पडदे रंगवणारे. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने देशी कॅमेरा सिद्ध केला. १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

५/ तिवईचे बंधन खऱ्या अर्थाने सुटले ते १९७० च्या दशकात. अमेरिकेच्या गॅरेट ब्राउन यांनी स्टेडिकॅम घडवला. १९७६ च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’मध्ये तो वापरला गेला, १९७८ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले.

६/ तत्त्व जुनेच आहे. दोरीवर चालणारा कलावंत लांब काठी का धरतो? वजन मध्यापासून दूर पसरले, की वस्तू सहजी वळत नाही. हाताचा झटका मग चित्रापर्यंत पोहोचत नाही.

७/ घरी करायचे तर : उभा दांडा, वर मोबाइल, खाली वॉशरांची चळत. मूठ गुरुत्वमध्याच्या किंचित वर, सर्व दिशांना सैल फिरणाऱ्या सांध्यावर. दांडा आडवा करून सोडावा. दोन-तीन सेकंदांत तो उभा राहिला, तर तोल जमला. त्याहून लवकर उभा राहिल्यास खालचे वजन कमी करावे, नाहीतर तो लंबकासारखा झुलतो.

८/ हा केवळ हौसेचा विषय नव्हे. वास्तू झिजतात, ढासळतात. मागे उरते ती नोंद. थरथरत्या चित्रफितीत दगडांचा सांधा, भिंतीची भेग, झिजलेली अक्षरे वाचता येत नाहीत. स्थिर चित्रफीत मात्र उद्याच्या अभ्यासकासाठी इतिहासाचे साधन ठरते. पेंटर बंधूंनी परदेशी यंत्राची वाट पाहिली नाही. आपल्याला तर एक दांडा आणि चार वॉशर पुरेसे आहेत.