पोर्टस्मथचा अर्ज: कोणाचे स्वातंत्र्य?

स्वातंत्र्याचा इतिहास समोर आला की आम्ही आधी विचारतो, कोणाचे स्वातंत्र्य? न्यू हॅम्पशायरमधले पोर्टस्मथ हे छोटे बंदर घ्या. अमेरिकेच्या जाहीरनाम्यावर सही करणारा विल्यम व्हिपल इथलाच. सर्व माणसे समान, असे १७७६ साली सहीनिशी सांगणाऱ्या या गृहस्थाच्या घरी प्रिन्स व्हिपल गुलाम होता. आडनावही मालकाचेच!

नोव्हेंबर १७७९ मध्ये प्रिन्ससह २० गुलामांनी विधिमंडळाकडे अर्ज केला. भाषा नम्र, पण युक्तिवाद मालकांचाच: स्वातंत्र्य हा माणसाचा निसर्गदत्त हक्क आहे. विधिमंडळाने नकार दिला नाही, निर्णय पुढे ढकलला. नकाराला कारण द्यावे लागते, ढकलायला लागत नाही. ही युक्ती आम्हाला नवी नाही. सहा जणांना हयातीत सुटका मिळाली. उरलेल्या १४ जणांना राज्याने मुक्त केले २०१३ साली, मरणोत्तर.

त्याआधी २००३ मध्ये चेस्टनट स्ट्रीटवर गटाराचे काम चालले असता १३ शवपेट्या निघाल्या. ती कृष्णवर्णीयांची दफनभूमी होती. शहराने तिच्यावर रस्ता आणि घरे बांधली होती. २०१५ पासून तिथे स्मारक आहे, आणि त्यावर त्याच अर्जातले शब्द कोरले आहेत.